आतल्या बातमीचा बातमीदार

पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांना नोकरीचे रस्ते कोणते, असं विचारलं तर वर्तमानपत्र, वाहिनी, वेबसाइट ही तीन उत्तरं पटकन मिळतात. थोडा विचार करून कुणी जनसंपर्क म्हणतं. पाचवा रस्ता सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. तो म्हणजे एखाद्या संस्थेच्या, कारखान्याच्या, बँकेच्या किंवा महापालिकेच्या आत बसून आतल्याच माणसांसाठी लिहिणं. त्याला अंतर्गत संवाद म्हणतात. गेली काही वर्षं मी सुरतमध्ये हेच काम करते आहे. त्याआधी दैनिकात बातमीदार होते. कॉलेजातली जुनी मित्रमंडळी भेटली की विचारतात, "म्हणजे पत्रकारिता सोडलीस ना?" मंडळाच्या ई-मासिकासाठी लिहायला सांगितल्यावर मला वाटलं, या प्रश्नाचं उत्तर एकदा नीट लिहून काढावं. तुमच्यापैकी काही जण याच वाटेने येतील, त्यांनाही ते उपयोगी पडेल.

हे काम नक्की काय असतं?

जनसंपर्क खात्याचा माणूस संस्थेबद्दल बाहेरच्यांना सांगतो. अंतर्गत संवादवाल्याचा वाचक संस्थेच्या आत असतो. पगाराची तारीख बदलली, पाळीची वेळ बदलली, नवं मशीन आलं, कुणी निवृत्त झालं, कुठे अपघात झाला, विम्याचा अर्ज कसा भरायचा, हे सगळं त्या वाचकापर्यंत पोचवायचं. साधनं म्हणजे सूचनाफलक, गृहपत्रिका, व्हॉट्सॲप गट, फाटकावरचा भोंगा आणि पाळी बदलतानाची पाच मिनिटांची सभा. रिझर्व्ह बँकेची 'विदाउट रिझर्व्ह' ही गृहपत्रिका किंवा महाराष्ट्र पोलिसांचं 'दक्षता' मासिक तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. तीही याच कुळातली.

कायद्याच्या लेखी मात्र आम्ही पत्रकार नाही. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने पत्रकाराची जी व्याख्या केली, ती वृत्तपत्र संस्थेत नोकरी करणाऱ्याची. वृत्तपत्र म्हणजे सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य छापणारं नियतकालिक. डाइंग मिलच्या चार पानी पत्रिकेत सार्वजनिक बातमी नसते, त्यामुळे आम्ही त्या व्याख्येत बसत नाही. पत्रकाराचं ओळखपत्र आमच्याकडे नसतं, आणि मालकाने लेख कापला तर आमच्या बाजूने उभी राहणारी पत्रकार संघटनाही नसते. हे आधीच सांगितलेलं बरं.

सुरतची जुनी उदाहरणं

सुरत म्हटलं की मराठी माणसाला शाळेतला इतिहास आठवतो, १६६४ आणि १६७०. पण १६६४ च्या जानेवारीत त्या शहरात रोज काय घडत होतं, हे आपल्याला इतक्या बारकाईने कसं माहीत? त्यातला मोठा भाग इंग्रज आणि डच वखारींच्या कागदपत्रांतून आला आहे. इंग्रज वखारीचा प्रमुख तेव्हा जॉर्ज ऑक्झेंडन होता. इथल्या इंग्रजांनी लंडनमधल्या आपल्या वरिष्ठांना सविस्तर पत्रं लिहिली. ती वर्तमानपत्रात छापायची नव्हती. ती कंपनीच्या आतली, कंपनीच्याच माणसांसाठी लिहिलेली होती. आज ती इतिहासाची साधनं झाली आहेत.

पण ही पत्रं वाचताना इतिहासकार सावध असतात. लिहिणाऱ्याचं लक्ष साहेबाकडे होतं. आपण वखार किती शौर्याने राखली, हे त्यांत ठसठशीत येतं. शहरातल्या सामान्य माणसाचे हाल ओझरते येतात. संस्थेच्या आत बसून लिहिणाऱ्याचा हा सर्वांत जुना दोष, आणि साडेतीनशे वर्षांनंतरही तो गेलेला नाही. मालक काय वाचू इच्छितो, हे लिहिता लिहिता हाताला आपोआप कळायला लागतं.

याच्या उलट जाणारं उदाहरण आपल्या मराठीत आहे. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघाली. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं ते पत्रक. संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि. वाडीतल्या आणि कारखान्यातल्या घडामोडी, मालाची माहिती, असा सुरुवातीचा मजकूर. पण शंवाकिंचं लक्ष वाचकाकडे होतं. नांगर घेणारा शेतकरी आणखी काय वाचेल, त्याच्या घरातली माणसं काय वाचतील, असा विचार करत त्यांनी पत्रकाचं मासिक केलं. 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. मराठीतल्या या तीन महत्त्वाच्या मासिकांचं मूळ एका कारखान्याच्या गृहपत्रिकेत आहे, हे वाङ्मय मंडळाच्या सभासदांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे. गृहपत्रिका म्हणजे मालकाची आरतीच असली पाहिजे, असा काही नियम नाही.

तिसरं उदाहरण परदेशातलं आहे, पण ते कापड गिरण्यांचं असल्याने सुरतला फार जवळचं वाटतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये लॉवेल नावाचं गिरणगाव होतं. तिथे काम करणाऱ्या मुलींनी लिहिलेलं 'लॉवेल ऑफरिंग' हे मासिक १८४० मध्ये सुरू झालं. गिरणीतल्या मुली कथा-कविता लिहितात याचं जगाला अप्रूप वाटलं. चार्ल्स डिकन्सनेही त्याची तारीफ केली. मात्र सेरा बॅग्ली या कामगार स्त्रीने १८४५ मध्ये जाहीर आरोप केला की, गिरणीवर टीका करणारं माझं लिखाण हे मासिक घेत नाही. तिने 'व्हॉइस ऑफ इंडस्ट्री' या कामगारांच्या पत्रात लिहायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'ऑफरिंग' बंद पडलं. कामगाराला कविता छापायला जागा आहे पण कामाचे तास किती हे छापायला जागा नाही, असं त्याच्या लक्षात आलं की तो ते मासिक हातात धरत नाही. चहाच्या टपरीवर वडापाव बांधायला गेलेल्या गुळगुळीत गृहपत्रिका मी स्वतः पाहिल्या आहेत.

फलक कुठल्या भाषेत?

आता आजच्या सुरतेकडे येऊ. हिरे आणि कृत्रिम धाग्याचं कापड यांवर हे शहर चालतं. लूम्स चालवणाऱ्यांत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले लोक फार. प्रोसेसिंगच्या मिलमध्ये उत्तर प्रदेश, बिहारची माणसं. तेलुगू बोलणारे विणकर पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत. आणि उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत आपली खानदेशी माणसं. सुरत–भुसावळ लोहमार्गाने धुळे, नंदुरबार, जळगावकडून येऊन ती इथे स्थिरावली. महापालिकेच्या शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. यावरून कल्पना यावी.

१९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम १०८ म्हणत होतं की कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात. हे कायदे आता नव्या श्रम संहितांत सामावले गेले आहेत, पण मूळ तत्त्व चांगलं आहे. अडचण 'बहुसंख्य' या शब्दात आहे. ज्या खात्यात चाळीस टक्के एका भाषेचे, तीस टक्के दुसऱ्या आणि उरलेले तिसऱ्या-चौथ्या भाषेचे, तिथे बहुसंख्य कोण? बहुतेक ठिकाणी हिंदीवर भागवतात. पण सगळ्यांना थोडीथोडी येणारी हिंदी आणि सगळ्यांना नीट समजणारी हिंदी यांत फरक असतो.

एक गंमत सांगते. सुरक्षा सप्ताहाच्या फलकावर हिंदीत 'सुरक्षा शिक्षा' असं लिहिलं होतं. फोल्डिंग खात्यातला साक्रीकडचा एक कामगार मला म्हणाला, "ताई, हाई शिक्षा कोनले?" हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत आणि गुजरातीत शिक्षा म्हणजे दंड. त्याने फलक अगदी बरोबर वाचला होता, फक्त आपल्या भाषेत.

दुसरं उदाहरण गमतीचं नाही. 'राजीनामा' हा शब्द घ्या. मराठीत आणि गुजरातीत त्याचा अर्थ नोकरी सोडल्याचं पत्र. हिंदी-उर्दूच्या कोर्टकचेरीच्या बोलीत राजीनामा म्हणजे समेट, तडजोडीचा कागद. एका मिलमध्ये उत्तर प्रदेशातल्या एका कारागिराचं सुपरवायझरशी भांडण झालं. ऑफिसातून सांगितलं गेलं, "राजीनामा लिख के दे." त्याला वाटलं, प्रकरण मिटलं. त्याने सही केली. दुसऱ्या दिवशी फाटकावर त्याचं हजेरी कार्ड नव्हतं. सांगणाऱ्याने मुद्दाम तोच शब्द निवडला होता की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कारागीर मात्र सामान उचलून गेला. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आहे. कामगाराची सही लागणारा प्रत्येक कागद त्याच्याच भाषेच्या एका माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यायचा, आणि त्यात काय लिहिलंय ते त्या कामगारालाच सांगायला लावायचं. साहित्याच्या वर्गात शब्दांच्या अर्थच्छटा शिकतो त्या इथे माणसाच्या पोटाशी येऊन भिडतात.

एक सूचना, दोन वेळा लिहिलेली

या कामाचा रोजचा भाग म्हणजे कार्यालयीन भाषा सोडवणं. ऑफिसातून माझ्याकडे आलेली सूचना साधारण अशी असते:

"सर्व संबंधित कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की, देखभाल कार्याच्या अनुषंगाने येत्या रविवारी बाष्प पुरवठा खंडित करण्यात येणार असून, पुरवठा पूर्ववत करतेवेळी आवश्यक ती दक्षता घेण्यात यावी."

व्याकरण चोख. पण यात कुणी काय करायचं, ते कळत नाही. मग मी बॉयलरवर जाते, मास्तरला विचारते, जेट मशीन चालवणाऱ्याला विचारते. पॉलिएस्टरचं कापड जेट मशीनमध्ये साधारण १३० अंश तापमानाला, दाबाखाली रंगवतात. आत दाब असताना झाकण उघडणं म्हणजे उकळतं पाणी अंगावर घेणं. बंद पडलेल्या पाइपात पाणी साचतं आणि वाफ एकदम सोडली की ते जोराने आपटतं. म्हणजे 'आवश्यक ती दक्षता' या तीन शब्दांत माणसाचा जीव लपलेला होता. मग सूचना अशी होते:

"रविवारी सकाळी ८ ते दुपारी २ बॉयलर बंद. बरोबर २ वाजता वाफ परत सोडू, हळूहळू सोडू. त्या वेळी पाइपाच्या सांध्यांजवळ उभं राहू नका. काटा शून्यावर आल्याशिवाय जेटचं झाकण उघडू नका. काही वेगळं वाटलं तर आपल्या पाळीच्या मास्तरला सांगा, थांबायला परवानगी आहे."

शेवटचे तीन शब्द मिळवायला मला दोन दिवस लागले. 'थांबायला परवानगी आहे' असं लिहिलं की उत्पादन थांबेल, ही ऑफिसची भीती. शेवटी फॅक्टरी मॅनेजरनेच होकार दिला, कारण तो स्वतः पूर्वी जेटवर काम केलेला माणूस होता. इथे बातमीदारीचा सराव कामाला आला. कुणाला विचारायचं, कुठे जाऊन उभं राहायचं, आणि गोल शब्दाच्या मागे कोणती नेमकी गोष्ट आहे, हे शोधायची सवय वर्तमानपत्रानेच लावलेली असते.

बातमी वर जाते का?

खाली सूचना पाठवणं हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम म्हणजे खालची बातमी वर जाणं. ती वर गेली नाही तर काय होतं, याचा मोठा धडा सुरतने १९९४ मध्ये घेतला. सप्टेंबरमध्ये प्लेगची बातमी आली. त्याबरोबर पाण्यात विष आहे वगैरे अफवा आल्या आणि काही लाख माणसं शहर सोडून निघाली. खाजगी डॉक्टरही निघून गेले. सांगणाऱ्यावर विश्वास नव्हता, म्हणून खरी माहितीही कुणी धरली नाही.

१९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांच्या काळातली 'एसी टू डीसी' ही घोषणा प्रसिद्ध आहे. एसी म्हणजे वातानुकूलित खोली, डीसी म्हणजे 'डेली चोअर्स', रोजची कामं. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी वस्तीत फिरायचं आणि नंतर एकत्र बसून काय पाहिलं ते सांगायचं. झोनच्या अधिकाऱ्यांना जागेवर निर्णय घ्यायचे अधिकार दिले. शहर कसं स्वच्छ झालं, हे सगळे सांगतात. माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिलं तर ती बातमी वर नेण्याची रोजची व्यवस्था होती. गटार तुंबलंय हे ज्याला दिसतं तो आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो, या दोघांमधलं अंतर एका दिवसावर आणलं गेलं.

अंतर राहिलं की काय होतं, त्याचं सर्वांत भयंकर उदाहरण भोपाळ आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये वायू लागून एक कामगार गेला. तो पत्रकार राजकुमार केसवानी यांच्या ओळखीचा होता. त्यांनी चौकशी सुरू केली. आतल्या कामगारांशी बोलून, कागद मिळवून, १९८२ मध्ये 'रपट' या आपल्या छोट्या साप्ताहिकात त्यांनी शहराला इशारे दिले. कामगार संघटनाही आत ओरडत होती. म्हणजे बातमी होती, आणि ती आतच होती. ती ऐकून घेणारा कुणी आत नव्हता. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधल्या रात्री काय झालं ते सर्वांना माहीत आहे. पुढे कारखाना कायद्यात कलम ४१-ब आलं. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्याच्या चालकाने धोक्यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही दिली पाहिजे, असं ते सांगत होतं.

कायदा आला तरी काम संपलं नाही. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात रासायनिक घाण सोडली गेली. विषारी वायू तयार झाला आणि जवळच्या मिलमधले सहा कामगार मरण पावले. मरणाऱ्यांचा त्या टँकरशी काही संबंध नव्हता. पहाटेच्या अंधारात नाल्याशी टँकर उभा राहिलेला दिसला तर कुणाला फोन करायचा, हे औद्योगिक वसाहतीतल्या किती रखवालदारांना ठाऊक असतं? त्यानंतर आमच्या फाटकाच्या केबिनमध्ये मी एकच कागद लावला. त्यावर तीन फोन नंबर आणि पाच भाषांत एक वाक्य: अनोळखी टँकर दिसला तर आधी फोन करा, मग चौकशी करा. माझ्या आजवरच्या लिखाणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे वाक्य. त्यावर माझं नाव नाही.

जे छापता येत नाही

आता अवघड भाग. मालकाच्या पगारावर मालकाच्या चुकीची बातमी छापता येते का? सरळ उत्तर: बहुधा नाही.

मी पूर्वी होते त्या एका कारखान्यात नंदुरबारकडच्या एका तरुण कामगाराचा हात वाफेच्या झडपेने भाजला. झडप गळते, हे त्या पाळीतल्या सगळ्यांना महिनाभर माहीत होतं. त्या महिन्याच्या पत्रिकेत नव्या मशीनच्या पूजेचे फोटो जाणार होते. मी अपघातावर सहा ओळी लिहिल्या. त्या कापल्या गेल्या. "बाहेर गेलं तर?" एवढंच कारण. मी भांडले, पण ओळी परत आल्या नाहीत. मग मी म्हटलं, अपघात नको, नाव नको, पण गळणारी झडप कशी ओळखायची आणि कुणाकडे नोंदवायची, एवढं तरी जाऊ द्या. ते गेलं. पुढच्या अंकापासून 'थोडक्यात वाचलो' नावाचं सदर सुरू करायची परवानगी मिळाली. कामगाराने येऊन सांगायचं, नाव छापायचं नाही, दोष कुणाला द्यायचा नाही, फक्त काय होता होता राहिलं ते सांगायचं. पहिल्या महिन्यात कुणी आलं नाही. दुसऱ्या महिन्यात एक आला. त्याने सांगितलेली सैल जाळी चार दिवसांत बसवली, आणि ती बसवल्याचंही आम्ही छापलं. मग माणसं येऊ लागली.

हा विजय होता असं मी म्हणणार नाही. त्या मुलाच्या हाताबद्दलच्या सहा ओळी आजही कुठे छापलेल्या नाहीत. बाहेरच्या वर्तमानपत्रात असते तर मी त्या छापल्या असत्या. पण बाहेरच्या वर्तमानपत्राला तो अपघात कळलाच नसता, हेही तितकंच खरं. आत बसणाऱ्याला दिसतं पण सगळं बोलता येत नाही. बाहेरच्याला बोलता येतं पण सगळं दिसत नाही. म्हणून दोघंही लागतात. आतल्याने बाहेरच्याची जागा घेतल्याचा आव आणू नये. सेरा बॅग्लीला दुसऱ्या पत्रात लिहावं लागलं ते उगीच नाही.

माझी स्वतःची सीमा एकच आहे. एखादी गोष्ट छापू दिली नाही तर ती राहते. पण तिच्या उलटं लिहायला सांगितलं तर मी लिहीत नाही. 'आमच्याकडे वर्षभरात एकही अपघात नाही' असं वाक्य माझ्या हातून अजून गेलेलं नाही. असं एक वाक्य छापलं की तो मुलगा आणि त्याच्या पाळीतली सगळी माणसं त्या पत्रिकेतलं पुढचं काहीच खरं मानणार नाहीत, बॉयलरची सूचनासुद्धा. विश्वास गेला की सूचनाफलक नुसता भिंतीचा रंग होतो.

या वाटेने यायचं असेल तर

मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्याला इथे जागा आहे का? आहे. सुरतमध्ये, वापीत, अंकलेश्वरमध्ये, आणि अर्थात आपल्या चाकण, बुटीबोरी, तारापूरमध्येही. चांगलं मराठी, बोलण्यापुरती तरी दुसरी एखादी भारतीय भाषा, आणि कारखान्यात बूट घालून फिरायची तयारी एवढी शिदोरी पुरते. डिझाइनचं सॉफ्टवेअर आठवड्यात शिकता येतं. लिहिलेलं दुसऱ्याला कळलं की नाही, हे तपासायची चिकाटी यायला वेळ लागतो.

मुलाखतीला गेलात तर तुम्हीही दोन प्रश्न विचारा. मागच्या वर्षीचे गृहपत्रिकेचे अंक पाहायला मिळतील का? आणि त्यांत कामगाराने विचारलेला एखादा प्रश्न आणि त्याचं उत्तर छापलं आहे का? सगळीकडे हार, फीत आणि दीपप्रज्वलनच दिसलं तर काय समजायचं ते समजा. तरी नोकरी घ्यायची असेल तर घ्या, घर चालवायचं असतं. पण आत गेल्यावर एक छोटं सदर तरी असं सुरू करा की ज्यात खालचा माणूस वरच्याशी बोलेल.

सराव मात्र आत्तापासून करता येतो. आपल्या मंडळाची पुढची सूचना लिहाल तेव्हा 'सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी' हे वाक्य काढून टाका. कुणी यायचं, कुठे, किती वाजता, आणि येता आलं नाही तर कुणाला सांगायचं, एवढंच लिहा. मग ती सूचना प्रथम वर्षाच्या एखाद्या मुलाला, शक्यतो ज्याची मातृभाषा मराठी नाही अशाला, वाचायला द्या आणि काय कळलं ते विचारा. तो जिथे अडखळेल तिथून तुमचं काम सुरू होतं.